मधुमेह : ताटातला भात आणि जेवणानंतरची शतपावली

टाइप २ मधुमेहात स्वादुपिंड इन्सुलिन तयार करत असते, पण स्नायू, यकृत आणि चरबीच्या पेशी त्याला पुरेशी दाद देत नाहीत. काही वर्षे स्वादुपिंड जास्तीचे इन्सुलिन सोडून वेळ मारून नेते. पुढे ते थकते आणि रक्तातली साखर चढू लागते. उपाशीपोटी साखर १२६ किंवा त्याहून जास्त, अथवा एचबीए१सी ६.५ टक्के किंवा अधिक आले, की मधुमेहाचे निदान होते. लक्षणे नसतील तर चाचणी पुन्हा करून खात्री करतात. एचबीए१सीमध्ये मागच्या दोन-तीन महिन्यांचा हिशेब असतो. आदल्या दिवशी गोड टाळून तो बदलत नाही.

हा जाड माणसांचा आजार, हा समज आपल्याकडे फार नुकसान करतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनचे जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचीच मोजमापे प्रसिद्ध केली. दोघांचा बीएमआय सारखाच, २२.३. युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, याज्ञिक यांच्या अंगात मात्र २१.२ टक्के. दिसायला सडपातळ भारतीय माणूसही आतून चरबी बाळगून असू शकतो, म्हणून वजनकाट्याइतकीच कंबरही मोजायला हवी. पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या पुढे धोका वाढतो. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या देशव्यापी पाहणीत भारतात १० कोटींहून अधिक मधुमेही आढळले, आणि सर्वांत जास्त प्रमाण गोव्यात होते : २६.४ टक्के.

आहाराचा विषय निघाला की बोलणे साखरेवर येऊन थांबते. खरे दुखणे ताटातल्या पिष्टमय पदार्थांचे आहे. दुपारचे नेहमीचे जेवण पाहावे : तीन पोळ्या, बटाट्याची भाजी, वर भात आणि पातळ वरण. गोडाचा कणही नाही, तरी जवळजवळ सगळे ताट ग्लुकोज होऊन रक्तात उतरते. हेच ताट अर्धे पालेभाजी, फळभाजी आणि कोशिंबिरीने भरले, पाव भागात मटकीची उसळ, घट्ट वरण, अंडे किंवा मासे आले आणि उरलेल्या पाव भागात पोळी किंवा भात राहिला, तर चव न सोडता साखर आवरता येते. कोशिंबीर आणि उसळ आधी, भात शेवटी खाल्ला तर जेवणानंतरची साखर कमी उसळते. ज्वारी-बाजरीत तंतू चांगले, पण ‘भाकरी चालते’ म्हणून दोन मोठ्या भाकरी खाल्ल्या तर पीठ पोटात जातेच. गूळ साखरेला पर्याय नाही. त्यातही मुख्यतः साखरच असते. फळ चावून खावे, रस टाळावा.

उपवासाचे दिवस तर अनेकांना नडतात. साबुदाणा म्हणजे जवळपास निव्वळ स्टार्च, त्यात बटाटा पडला की साखर चढायला खिचडीची एक बशी पुरेशी होते. ताक, दाणे, काकडी यांवर भर देणे बरे. गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय उपवास धरूच नये.

व्यायामाचे काम मुळाशी जाते. स्नायू आकुंचन पावतात तेव्हा ते इन्सुलिनची वाट न पाहता रक्तातले ग्लुकोज ओढून घेतात, आणि इन्सुलिनला त्यांची दाद पुढचे काही तासही सुधारलेली राहते. म्हणून जेवणानंतरची दहा-पंधरा मिनिटांची शतपावली खरोखर उपयोगाची. आठवड्याला किमान १५० मिनिटे भरभर चालावे, सलग दोन दिवसांहून अधिक खंड पडू देऊ नये, आणि दोन-तीन दिवस बैठका किंवा वजने उचलण्यासारखा ताकदीचा व्यायाम करावा. मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्यांवर अमेरिकेत झालेल्या, २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आहार-व्यायामाने आजार जडण्याचे प्रमाण ५८ टक्क्यांनी घटले. मेटफॉर्मिन या औषधाने ३१ टक्क्यांनी.

याचा अर्थ औषध आपल्या मनाने सोडावे असा नाही. व्यायाम वाढला की काहींची साखर ७० च्या खाली घसरते. घाम, थरथर, धडधड जाणवताच तीन चमचे साखर पाण्यात घालून घ्यावी. पायांची संवेदना कमी झालेल्यांनी अनवाणी चालू नये. तिशी ओलांडलेल्या प्रत्येकासाठी सरकारी आरोग्य केंद्रांत मधुमेहाच्या तपासणीची सोय आहे. लक्षणांची वाट न पाहता ती करून घ्यावी.