धुराची मात्रा

मॉडेल ट्रेनच्या वाफेच्या इंजिनातून खराखुरा धूर काढता येतो, हे पाहिलं की लहानथोर सगळेच रुळांपाशी वाकतात. ज्यांच्या घरी असं इंजिन येतं, त्यांचा पहिला प्रश्न मात्र ठरलेला असतो : यात तेल किती घालायचं? हैदराबादच्या सुलतान बाजारात मी आयुष्यभर औषधांचं दुकान चालवलं. थेंब मोजण्याची सवय हातात मुरलेली आहे, म्हणून या प्रश्नाचं उत्तर नीट द्यावंसं वाटतं.

हा छंद मला काचीगुडा स्टेशननं लावला. निजामाच्या रेल्वेची ती 1916 सालची इमारत आजही दिमाखात उभी आहे. तिथून मनमाडला छोटी लाइन, म्हणजे मीटरगेज, जायची. निजामाबाद, नांदेड, परभणी, जालना, औरंगाबाद ही आम्हा हैदराबादी मराठी कुटुंबांच्या सोयरिकीची गावं तिनं जोडलेली होती. गाडीला वायपी जातीचं काळं इंजिन असे आणि ते सुटताना टाकत असलेले धुराचे लोट आम्ही पोरं पुलावरून पाहत असू. भारतात वाफेचं शेवटचं इंजिन 1972 साली बांधलं गेलं. 1995च्या अखेरीस ब्रॉडगेजवरची नियमित सेवाही संपली. आज तो धूर पाहायचा तर बहुधा टेबलावरच.

माझी इंजिनं एचओ मापाची आहेत : मूळ इंजिनाच्या 87व्या हिश्शाची, रुळांमधलं अंतर 16.5 मिलिमीटर. त्यांच्या धुराड्यात जी नळी बसवलेली असते, तिची रचना आधी समजून घ्यावी. बाहेरची नळी म्हणजे तेलाची टाकी. तिच्या मधोमध केसासारखी बारीक दुसरी नळी उभी असते आणि तिच्याभोवती तापणारी तार गुंडाळलेली असते. तेल खालून बारीक नळीत शिरतं, तिथं उकळतं, त्याची वाफ वर फेकली जाते. बाहेरच्या गार हवेत वाफेचे अतिसूक्ष्म थेंब बनतात आणि तेच आपल्याला पांढरे दिसतात. यात काही जळत नाही. आपण ज्याला धूर म्हणतो ते खरं तर तेलाचं धुकं असतं.

ही रचना कळली की मात्रेचं कोडं सुटतं. मधल्या नळीचं तोंड तेलाच्या वर राहायला हवं. टाकी काठोकाठ भरली तर ते तोंड बुडतं. मग नुसते बुडबुडे येतात, तेल उडतं, धूर मात्र निघत नाही. नवशिक्याला वाटतं तेल कमी पडलं, म्हणून तो आणखी ओततो. मेर्कलिन ही जर्मन कंपनी आपल्या पुस्तिकेत निम्म्यापर्यंतच भरायला सांगते, ते याचसाठी. तळाशी हवेचा बुडबुडा अडकला तरीही धूर येत नाही. अशा वेळी बोटानं हलकी टिचकी मारली की तो सुटतो.

मोठ्या मापाच्या अमेरिकन इंजिनांत वेगळी सोय असते. तिथं तापणाऱ्या रोधाला लागून न जळणाऱ्या धाग्यांची वात असते, तिच्यात तेल मुरतं आणि बऱ्याच इंजिनांत छोटा पंखा धूर बाहेर ढकलतो. लायनेल कंपनीनं 1946 साली पहिल्यांदा धूर काढला तेव्हा तर तेलच नव्हतं. दिव्याच्या उष्णतेवर एक गोळी तापवत. पुढच्या वर्षी दिव्याच्या जागी तापणारी तार आली. वातीच्या इंजिनात समईचाच नियम : तेलात बुडाली तर काम करत नाही, कोरडी पडली तर करपते. आणि करपलेली वात पुन्हा तेल शोषत नाही. म्हणून धूर विरळ झाला की लगेच पाच-सहा थेंब घालावेत, किंवा धुराचं बटण बंद करावं.

‘थेंब’ हे माप मात्र फसवं आहे. सलाइनच्या साध्या नळीचे 20 थेंब म्हणजे एक मिलिलिटर, तर लहान मुलांसाठीच्या सूक्ष्म नळीला तेवढ्यालाच 60 थेंब लागतात. बाटलीचं तोंड बदललं की थेंब बदलतो. शिवाय तेलाचा पृष्ठताण पाण्याहून कमी, म्हणून त्याचा थेंबही लहान. मी एक मिलिलिटरची ट्युबरक्युलिन सिरिंज वापरतो. तिच्यावर मिलिलिटरच्या शंभराव्या भागाच्या खुणा असतात. सुई बोथट असावी. कोरड्या नळीत हळूहळू तेल सोडायचं, काठाशी दिसलं की आकडा वाचायचा आणि निम्मं परत ओढून घ्यायचं. ती त्या इंजिनाची मात्रा.

इंजिन साध्या विजेवर चालत असेल तर वेगाबरोबर रुळांतला विजेचा दाब वाढतो आणि धूरही वाढतो. फलाटावर थांबलं की तो मंदावतो. डिजिटल यंत्रणेत रुळांत दाब कायम असतो, त्यामुळे उभं इंजिनही धूर सोडत राहतं आणि नकळत कोरडं पडतं. तिथं घड्याळाकडे लक्ष ठेवावं.

तेल मॉडेलसाठी बनवलेलंच घ्यावं. ते बहुधा अतिशुद्ध खनिज तेल असतं. खोबरेल किंवा गोडेतेल तापून चिकट थर धरतं. रॉकेल तर पेट घेईल, ते चुकूनही नको. बाटली मुलांच्या हाती लागू देऊ नये. असं पातळ तेल गिळताना फुप्फुसात उतरू शकतं, म्हणून कुणी प्यायलं तर उलटी करवू नये, थेट दवाखान्यात न्यावं. खोलीची खिडकी उघडी ठेवावी. छताचा पंखा मात्र बंद, नाहीतर धूर दिसायच्या आत उडून जातो. हैदराबादच्या एप्रिलमध्ये यासाठी सकाळची वेळ बरी. धुक्याचे कण शेवटी रुळांवरच बसतात, चाकं घसरतात, वीज नीट पोचत नाही. खेळ संपला की आयसोप्रोपिल अल्कोहोलनं रूळ पुसावेत.

पुण्यात कोथरूडला भाऊसाहेब जोशींनी 1998 साली उभारलेलं छोट्या रेल्वेचं संग्रहालय पाहिलं, तेव्हा मला पटलं की ही आवड टिकते ती माणसं आपलं जाणतेपण पुढच्यांच्या हाती देतात म्हणून. माझ्या प्रत्येक इंजिनाच्या खोक्यात एक चिठ्ठी आहे : तेल किती, धूर किती मिनिटं टिकतो, नळी कधी बदलली. तुमच्याकडे इंजिन असेल तर अशी चिठ्ठी आजच लिहून ठेवा. उद्या ते नातवाच्या हाती जाईल तेव्हा त्याला अंदाजानं ओतावं लागणार नाही, मोजून घालता येईल.