वर्गणीवर चालणारा रेडिओ

पैसे कबूल करा, गाणं सांगा. बँड ते तिथल्या तिथे, तालमीशिवाय वाजवणार. अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यात, जर्सी सिटीतल्या ‘डब्ल्यूएफएमयू’ या रेडिओ केंद्रासाठी १९९६ पासून हा खेळ रंगत आला आहे. वाजवणारे कुणी नवशिके नाहीत. ‘यो ला टेंगो’ हा शेजारच्या होबोकेन गावचा, जगभर ऐकला जाणारा तीन जणांचा बँड. फोनवरून फर्माईश येते, तिघं आपसात पट्टी ठरवतात, कुणाला तरी मुखडा आठवतो, अंतऱ्याचे शब्द मात्र अर्धेमुर्धेच. तरी गाणं सुरू होतं. चुकत, सावरत ते पार पडतं, तोवर पुढची फर्माईश येऊन थांबलेली असते. या बैठकांमधल्या निवडक गाण्यांचे २००६ आणि २०१६ मध्ये दोन अल्बम निघाले, तेही चुकांसकट.

सफाईदार वाजवलेलं गाणं कुठेही ऐकायला मिळतं. आपण सांगितलेलं, आपल्यासाठी, या क्षणी घडणारं गाणं दुसरीकडे मिळत नाही. निधी गोळा करण्यासाठी रेडिओवर जे खास कार्यक्रम होतात, त्यांचं सगळं मर्म यात आहे. ऐकणाऱ्याला त्या केंद्राला आपला हातभार लागल्यासारखं वाटलं पाहिजे.

डब्ल्यूएफएमयू १९५८ मध्ये अप्सला कॉलेजचं केंद्र म्हणून सुरू झालं. १९९५ मध्ये कॉलेज बंद पडलं, पण त्याआधीच केंद्रातल्या माणसांनी स्वतःची संस्था काढून परवाना हाती घेतला होता. जाहिराती नाहीत, कंपन्यांचं प्रायोजकत्वही नाही. निवेदक बिनपगारी काम करतात आणि काय वाजवायचं ते स्वतः ठरवतात. मग वीज, जागा, ट्रान्समीटर यांचा खर्च? त्याचा मोठा वाटा वसंतातल्या दोन आठवड्यांच्या ‘मॅरेथॉन’मधून उभा राहतो. या काळात निवेदकाच्या जोडीला बहुधा दुसरा निवेदक बसतो, म्हणजे पैसे मागण्याचं बोलणं एकट्याच्या विनवणीसारखं न वाटता दोघांच्या गप्पांसारखं होतं. देणगी देणाऱ्यांसाठी निवेदक आपल्या आवडीच्या दुर्मीळ गाण्यांचा संग्रह स्वतः जमवून देतात. दुकानात न मिळणारी ही भेट घ्यायला श्रोते त्या त्या निवेदकाच्या वेळेची वाट बघतात.

श्रोत्यांच्या पैशांवर रेडिओ चालवण्याची कल्पना याहून जुनी. दुसऱ्या महायुद्धात शस्त्र हाती घ्यायला नकार देणाऱ्या लुईस हिल या शांततावाद्याने १५ एप्रिल १९४९ रोजी कॅलिफोर्नियातल्या बर्कलीत ‘केपीएफए’ हे केंद्र सुरू केलं. ऐकणाऱ्यांपैकी दोन टक्के लोकांनी जरी वर्षाची वर्गणी भरली, तरी केंद्र चालेल असा त्याचा हिशेब होता. तेव्हा एफएमचे रेडिओसंच फार थोड्या घरांत होते. १९५० च्या ऑगस्टमध्ये पैसे संपले आणि केंद्र बंद पडलं. त्यानंतर श्रोतेच पुढे आले, निधी जमवला आणि १९५१ च्या मे महिन्यात प्रक्षेपण पुन्हा सुरू झालं. आपली रोजची सवय एकाएकी गप्प झाली की तिची किंमत कळते, हे तेव्हा दिसलं. आजही तेच केंद्र बर्कलीत सुरू आहे.

केपीएफए चालवणाऱ्या संस्थेच्याच, न्यूयॉर्कमधल्या ‘डब्ल्यूबीएआय’ केंद्रावर बॉब फास हा निवेदक रात्र जागवायचा. १९६७ मध्ये आर्लो गथ्री या तरुण गायकाचं अठरा मिनिटांहून लांब ‘अॅलिसेस रेस्टॉरंट’ हे गाणं रेकॉर्ड बाजारात येण्याआधीच या केंद्रावर गाजू लागलं. मागणी इतकी वाढली की ते ऐकवण्यासाठी केंद्र देणग्या मागू लागलं. फासने हीच युक्ती उलटीही फिरवली. गाणं पुन्हा पुन्हा लावायचं आणि ते थांबवण्यासाठी पैसे मागायचे! श्रोत्यांनी दोन्हीसाठी पैसे दिले.

ऑस्ट्रेलियात या मोहिमेला ‘रेडिओथॉन’ म्हणतात. मेलबर्नमधल्या ‘ट्रिपल आर’चा रेडिओथॉन दर ऑगस्टमध्ये असतो. वर्गणीदारांमध्ये माणसांबरोबर बँड आणि दुकानंही असतात. इतकंच काय, घरातल्या कुत्र्या-मांजरांच्या नावानेही वर्गणी भरता येते. शहरात फिरणाऱ्या गाड्यांवर या केंद्राचे स्टिकर दिसतात. वर्गणीदार म्हणून मिरवण्यात तिथल्या लोकांना आनंद वाटतो, आणि केंद्राने तो आनंद नीट जपला आहे.

ही मोहीम बिघडतेही. डब्ल्यूबीएआयवर पुढे निधीचे दिवस लांबत गेले, नेहमीचे कार्यक्रम बाजूला पडले आणि त्या जागी पर्यायी उपचारांची भाषणं आणि डीव्हीडी देणगीच्या बदल्यात पुढे केली जाऊ लागली. नियमित श्रोत्यांनी त्यावर उघड टीका केली. ऑक्टोबर २०१९ मध्ये मूळ संस्थेने तोट्याचं कारण देऊन तिथलं स्थानिक प्रसारण थांबवलं. न्यायालयाच्या निकालानंतर महिन्याभरात ते परत सुरू झालं. खास कार्यक्रम म्हणजे केंद्र एरवी जे करतं त्याचंच सणासुदीचं रूप असायला हवं. श्रोता ज्यासाठी आला तेच त्या दिवसांत काढून घेतलं, तर त्याने पैसे कशासाठी द्यायचे?

आता आपल्याकडे. भारतात २००६ च्या धोरणाने स्वयंसेवी संस्थांना सामुदायिक रेडिओची दारं उघडली. त्याआधी ती फक्त शिक्षणसंस्थांसाठी उघडी होती. शंभर वॅटच्या आसपासची ताकद, दहा-पंधरा किलोमीटरचा पल्ला आणि निम्मे कार्यक्रम तरी स्थानिक, असा हा छोटा संसार. साताऱ्यातल्या म्हसवडची ‘माणदेशी तरंग वाहिनी’, बारामतीची ‘शारदा कृषी वाहिनी’, पुणे विद्यापीठाची ‘विद्यावाणी’, जत तालुक्यातल्या जालिहाळची ‘येरळावाणी’ ही त्यातली नावं. फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्र सरकारने जाहिरातींची मर्यादा तासाला सातवरून बारा मिनिटांवर नेली आणि दहा सेकंदांचा सरकारी दर ५२ रुपयांवरून ७४ केला. बारा मिनिटं पूर्ण भरली, तरी तासाला ५,३२८ रुपये होतात. छोट्या केंद्राची ती वेळ रोज भरेल, याची खात्री कोण देणार?

म्हणून श्रोत्यांकडे जायला हवं, आणि मराठी माणसाला हे शिकवावं लागत नाही. गणपतीची वर्गणी मागायला पावतीपुस्तक घेऊन दारोदार जाणारी पोरं आपल्याकडे प्रत्येक आळीत आहेत. मंडपात काय होणार हे ठाऊक असतं, म्हणून लोक देतात. रेडिओनेही आधी मंडप दाखवावा. म्हसवडच्या माण तालुक्यात रात्रभर धनगरी ओव्यांचा जागर करता येईल. १९७२ चा दुष्काळ अंगावर काढलेल्या, रोजगार हमीच्या कामावर खडी फोडलेल्या आज्या-आजोबांना माइकसमोर बसवून एक अख्खा दिवस त्यांच्या आठवणींना देता येईल. म्हसवडच्या सिद्धनाथाच्या यात्रेत फर्माईशीचा तास लावता येईल, गजीनृत्याच्या ढोलांसकट. विटा, खानापूर, आटपाडी भागातून गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळण्याच्या धंद्यासाठी देशभर पांगलेली कुटुंबं गावच्या जत्रेला न चुकता पैसे पाठवतात. इंटरनेटवरून त्यांच्या कानी गावचा आवाज गेला, तर रेडिओलाही ती पाठवतील.

दोन पथ्यं मात्र पाळावीत. मोहीम आठवडाभरात आटपावी, आणि जमलेला पैसा कुठे गेला हे त्याच रेडिओवर आकड्यांसकट सांगावं. मिक्सर दुरुस्त झाला, वीजबिल भरलं, गावातल्या दोन मुलींना मानधन दिलं, असं ऐकलं की पुढच्या वर्षी देणाऱ्याचा हात आखडत नाही.

तुमच्या तालुक्यात असं केंद्र असेल तर त्याची फ्रिक्वेन्सी शोधा आणि आठवडाभर ऐका. मग फोन करा, महिन्याला खर्च किती येतो ते विचारा, जमेल तेवढी वर्गणी द्या आणि पावती मागून घ्या.