देर्झप्रोम

युक्रेनमधील खारकिव्ह (रशियन रूप खारकोव्ह) शहरातील सोव्हिएट काळातील प्रसिद्ध शासकीय इमारत. ‘राज्य उद्योग’ या अर्थाच्या युक्रेनियन शब्दांचे हे संक्षिप्त रूप असून रशियन भाषेत ती ‘गोस्प्रोम’ या नावाने ओळखली जाते. संरचनावादी वास्तुशैलीचा ती एक श्रेष्ठ नमुना मानली जाते.

खारकिव्ह ही १९१९ पासून १९३४ पर्यंत सोव्हिएट युक्रेनची राजधानी होती. क्रांतीनंतर उद्योगधंदे राज्याच्या मालकीचे झाल्याने त्यांच्या व्यवस्थापनाची कार्यालये एकत्र आणणे आवश्यक ठरले. त्यासाठी १९२५ मध्ये घेतलेल्या स्पर्धेत सेराफिमोव्ह, क्राव्हेट्स व फेल्गेर या लेनिनग्राडच्या वास्तुविशारदांचा आराखडा निवडण्यात आला. पुढे मॉस्कोच्या भुयारी रेल्वेच्या उभारणीचे नेतृत्व करणारे अभियंते रोटेर्ट यांच्या देखरेखीखाली १९२८ मध्ये बांधकाम पूर्ण झाले. यंत्रसामग्री अपुरी असल्यामुळे पुष्कळसे काम फावडी, ढकलगाड्या व घोडागाड्या यांच्या साहाय्याने करावे लागले.

इमारतीचे तीन प्रमुख भाग वर्तुळाकार चौकाच्या कडेने वक्राकार मांडलेले आहेत. चौकातून निघणारे रस्ते त्यांच्यामधून जातात व वरच्या मजल्यांवरील पूल हे भाग परस्परांना जोडतात. त्यामुळे वास्तू प्रचंड असूनही शहराची वाट अडवीत नाही. सर्वोच्च भागाची उंची ६३ मी. आहे. प्रबलित (लोखंडी सळ्या घालून बळकट केलेल्या) काँक्रीटचा एकसंध सांगाडा व काचेच्या विस्तीर्ण खिडक्या ही तिची वैशिष्ट्ये होत. स्तंभ, शिल्पे वा नक्षी यांचा आधार न घेता कमी-अधिक उंचीच्या घनाकारांच्या रचनेतून सौंदर्य साधले आहे.

१९३४ मध्ये राजधानी कीव्हला गेली. त्याच दशकात सोव्हिएट वास्तुकला अभिजात व अलंकृत शैलीकडे वळली. चौकातील शेजारच्या काही संरचनावादी इमारतींना दुसऱ्या महायुद्धानंतर नवे रूप देण्यात आले. देर्झप्रोमचे मूळ रूप मात्र टिकले. युद्धकाळात आगीने तिची हानी झाली, तरी सांगाडा शाबूत राहिला. १९५० नंतरच्या दशकात तिच्यावर दूरचित्रवाणीचा मनोरा उभारण्यात आला.

यूनेस्कोच्या जागतिक वारसास्थळांच्या संभाव्य सूचीत तिचा २०१७ मध्ये समावेश झाला. रशियाच्या आक्रमणानंतर, सप्टेंबर २०२३ मध्ये, सांस्कृतिक संपत्तीविषयक हेग कराराखाली तिला तात्पुरते विशेष संरक्षण देण्यात आले. तथापि २८ ऑक्टोबर २०२४ रोजी रशियन हवाई बाँबमुळे तिच्या एका भागाची मोठी हानी झाली. ज्या राज्यव्यवस्थेसाठी ही वास्तू उभारली ती १९९१ मध्ये लयास गेली. वास्तू मात्र स्वतंत्र युक्रेनच्या सांस्कृतिक वारशाचा भाग बनली.