दुखण्याशी सहवास (लेखांक अकरावा) : अमावास्या, कावीळ आणि एक रबरी मूठ

पथ्यापथ्याचा विषय आज घ्यावयाचा असे गेल्या खेपेस ठरले होते, आणि त्याचा मसुदाही जवळजवळ तयार होता. परंतु मध्यंतरी सातारा जिल्ह्यातील एका वाचक भगिनींचे पत्र आले आणि त्यातील एका वाक्याने मला इतके अस्वस्थ केले की, पथ्याचे प्रकरण आठवडाभर तहकूब ठेवण्यावाचून गत्यंतर उरले नाही. या बाईंना बरीच वर्षे रुमॅटॉइड जातीचा संधिवात आहे. सकाळी उठल्यावर बोटे कशी आखडून बसतात याविषयी मी जे लिहिले, ती त्यांना आपलीच कैफियत वाटली. पुढे त्या लिहितात की, अमावास्या जवळ आली की त्यांचे हात हटकून सुजतात, त्यांच्या सासूबाईंचे गुडघेही त्याच सुमारास धरत असत, आणि म्हणून त्या आठवड्यात मेथोट्रेक्झेटची एखादी गोळी अधिक घेतली तर चालेल काय?

चालणार नाही. हे उत्तर आधी देणे माझे कर्तव्य आहे. संधिवातावर हे औषध आठवड्यातून एकदाच, ठरलेल्या वारी, घ्यावयाचे असते. ते रोजचे समजून घेतल्यामुळे रक्तपेशी घटून माणसे दगावल्याचे दाखले वैद्यकाच्या दप्तरात नमूद आहेत, आणि म्हणून त्याच्या मात्रेत एका गोळीचाही फेरफार आपल्या डॉक्टरांच्या सांगण्यावाचून करू नये. अमावास्येला करू नये, पौर्णिमेलाही करू नये.

परंतु एवढे सांगून पत्र बाजूला ठेवावे असे मला वाटले नाही, कारण त्यामागचा खरा प्रश्न प्रत्येक जुनाट दुखणेकऱ्याचा आहे. मुदतीचा ताप येतो, चढतो, उतरतो आणि माणूस मोकळा होतो. संधिवातासारखे दुखणे मात्र कधी भरती तर कधी ओहोटी असे वर्षानुवर्षे चालू राहते, आणि कालपर्यंत शांत असलेले मनगट आज पहाटे का ठणकू लागले याचे उत्तर रक्ताच्या तपासणीतही बहुधा सापडत नाही. जेथे कारण दिसत नाही तेथे मन शेजारी उभ्या असलेल्या कोणत्याही गोष्टीला कारण म्हणून पकडून आणते. काल दही खाल्ले, परवा भाऊ भांडून गेला, आज आभाळ आले आहे, उद्या अमावास्या आहे. याला भोळेपणा म्हणून हसणारांशी मी कधीच सहमत होऊ शकलो नाही. ज्याला पुढचा दिवस कसा जाईल याची शाश्वती नाही, त्याने संकेत शोधावेत यापरते स्वाभाविक ते काय?

आता अमावास्येचाच हिशेब मांडू. चांद्रमास साधारण साडेएकोणतीस दिवसांचा. लोक ‘अमावास्येच्या सुमारास’ म्हणतात तेव्हा आदला आणि नंतरचा दिवसही त्यात धरतात; म्हणजे अमावास्येचे तीन आणि पौर्णिमेचे तीन मिळून महिन्यातील सहा दिवस या दोन तिथींच्या हद्दीत गेले. मग दुखण्याचा तिथीशी कसलाही संबंध नाही असे जरी गृहीत धरले, तरी वर्षातील शंभर वाईट दिवसांपैकी वीस या हद्दीत पडणारच. त्यांत दोन एकादश्या व दोन चतुर्थ्या मिळवल्या की महिन्याचा तिसरा हिस्सा व्यापला जातो, आणि दुखण्याला तिथी चुकवून येणे अवघड होऊन बसते!

शिवाय आपल्या घरातील भिंतीवरच्या दिनदर्शिकेची रचनाच अशी आहे की, ज्या चौकटीत तारीख त्याच चौकटीत तिथी, आणि त्याच चौकटीत आपण दुधाचा खाडा, गॅसच्या टाकीची तारीख आणि दवाखान्याची खेप लिहितो. त्यामुळे दुखण्याची नोंद करावयास गेलेली नजर तिथीवरून गेल्यावाचून राहत नाही. युरोप-अमेरिकेतील रुग्णांच्या भिंतीवर तिथी नसते. त्यांची नजर खिडकीबाहेरच्या आभाळाकडे जाते, आणि दमट हवेने सांधे दुखतात ही त्यांची श्रद्धा आपल्या अमावास्येइतकीच पुरातन आहे. कॅनडातील डॉ. रेडेलमायर आणि निर्णयशास्त्राचे थोर अभ्यासक एमॉस ट्वर्स्की यांनी या श्रद्धेची तपासणी करून 1996 साली तिचा निष्कर्ष प्रसिद्ध केला. संधिवाताचे 18 रुग्ण घेऊन त्यांनी 15 महिने, महिन्यातून दोनदा, वेदना आणि हवामान यांची नोंद केली; हवेचा आणि आपल्या वेदनेचा संबंध आहे याची रुग्णांना मनोमन खात्री होती, आणि नोंदींत मात्र तो संबंध आढळला नाही. पुढे 2019 साली ब्रिटनमध्ये अडीच हजारांहून अधिक रुग्णांच्या रोजच्या नोंदी एकत्र केल्या तेव्हा निराळे चित्र दिसले: दमट, वाऱ्याच्या आणि हवेचा दाब उतरलेल्या दिवशी वेदना वाढण्याचा संभव थोडा अधिक असतो, अगदी प्रतिकूल दिवशीही सरासरी दिवसाच्या मानाने सुमारे 20 टक्क्यांनीच अधिक. म्हणजे आजीबाईंचे म्हणणे निराधार नव्हते, पण आजीबाईंना वाटत होता तितका तो संबंध बळकटही नव्हता. मला या दोन अभ्यासांतील विरोधापेक्षा त्यांची एकच रीत महत्त्वाची वाटते: दुखले तो दिवसही लिहावयाचा आणि न दुखला तो दिवसही लिहावयाचा.

येथे एका गृहस्थांची हकीकत सांगण्याचा मोह आवरत नाही, कारण आपल्या दुखण्याच्या इतिहासात योगायोगाला इतका मान दुसऱ्या कोणी दिलेला मला ठाऊक नाही. अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात रॉचेस्टर गावी मेयो क्लिनिक म्हणून विख्यात रुग्णालय आहे. तेथील संधिवाताचे तज्ज्ञ डॉ. फिलिप हेंच यांना 1929 च्या एप्रिल महिन्यात 65 वर्षांच्या एका रुग्णाने, जो स्वतःही पेशाने डॉक्टरच होता, असे सांगितले की, आपल्याला कावीळ झाली आणि ती दिसू लागताच वर्षानुवर्षे जखडलेले सांधे भराभर मोकळे होऊ लागले. कावीळ काही आठवड्यांत ओसरली, सांध्यांचा आराम मात्र त्यानंतरही काही महिने टिकला. असे बोलणे दवाखान्यात दररोज कानांवर पडते, आणि ‘योगायोग असेल’ या दोन शब्दांनी त्याची बोळवण करणे सर्वांत सोपे असते. हेंच यांनी बोळवण केली नाही, आणि लगेच विश्वासही ठेवला नाही. त्यांनी वाट पाहिली, काविळीने आराम पडलेले आणखी रुग्ण हुडकले, एकेकाचा तपशील लिहून ठेवला. मग त्यांनी कावीळ नसलेल्या रुग्णांना पित्त आणि पित्ताचे क्षार देऊन पाहिले, कावीळ झालेल्यांचे रक्तही देऊन पाहिले. काहीच साधले नाही. तेवढ्यात त्यांच्या ध्यानात दुसरी गोष्ट आली की, संधिवात असलेल्या स्त्रियांना गरोदरपणातही पुष्कळदा असाच आराम पडतो. कावीळ पुरुषांनाही होते, म्हणून ते द्रव्य केवळ स्त्रीदेहातील नव्हे. गरोदरपणात कावीळ नसते, म्हणून ते पित्तही नव्हे. तेव्हा दोहोंत समान असे काही तरी तिसरेच शरीर निर्माण करीत असले पाहिजे, असे अनुमान बांधून त्यांनी त्या अज्ञात द्रव्याला ‘क्ष’ म्हटले.

त्याच संस्थेत एडवर्ड केंडॉल हे रसायनज्ञ मूत्रपिंडावरील ग्रंथींतून एकेक द्रव्य वेगळे करण्याच्या खटाटोपात होते. त्यांपैकी ‘ई’ नावाचे द्रव्य संधिवातावर वापरून पाहावे असे दोघांनी 1941 साली ठरवले; पण ते मिळावयाचे कोठून? मध्येच महायुद्ध आले, हेंच सैन्यात गेले, आणि बैलाच्या पित्तातील आम्लापासून अतिशय लांबलचक रासायनिक प्रक्रियेने ते द्रव्य पुरेसे तयार होईपर्यंत 1948 चा सप्टेंबर उजाडला. त्या महिन्याच्या 21 तारखेला 29 वर्षांच्या एका स्त्रीला पहिले इंजेक्शन दिले गेले. जिला अंथरुणात कूस बदलणेही जड जात होते, ती आठवड्याभरात चालत गावात बाजारहाट करून आली. हेच कॉर्टिझोन. हेंच, केंडॉल आणि बाझेलचे राइखश्टाइन या तिघांना 1950 साली नोबेल पारितोषिक मिळाले. पुढे त्याच औषधाने चेहरे सुजू लागले, हाडे ठिसूळ होऊ लागली, आणि ते किती जपून वापरावयास हवे हे उमगले, तो निराळा विषय. पण आज माझ्यासारखा माणूस भडका उडाल्यावर डॉक्टरांनी दिलेली ती बारीक पांढरी गोळी घेतो तेव्हा, एका रुग्णाने सांगितलेला आणि एका वैद्याने 19 वर्षे उराशी बाळगलेला योगायोगच त्याच्या पोटात जात असतो, असे मला प्रामाणिकपणे वाटते. म्हणून सातारच्या बाईंना ‘हा निव्वळ भ्रम आहे’ असे मी म्हणणार नाही. रुजुवात करावी, एवढेच म्हणेन.

मात्र सगळेच योगायोग रुजुवातीसाठी नसतात. गेल्या पावसाळ्यात माझ्या उजव्या हाताची पहिली दोन बोटे इतकी सुजली की पेन धरवेना. अक्षर हा माझा उभ्या जन्माचा अभिमान. सरकारी दप्तरात सारी नोकरी मी त्याच्या बळावर केली. त्या दिवशी दोन ओळी लिहून मी वही मिटली आणि आता ही लेखमाला कोणाला तरी तोंडी सांगून उतरवून घ्यावी लागणार, अशा विचारात बसलो होतो. त्याच संध्याकाळी शेजारची पहिलीत जाणारी मुलगी दप्तर घेऊन आली. तिच्या शाळेत अक्षर सुधारावे म्हणून मुलांना पेन्सिलीवर चढवायची रबराची तिकोनी मूठ आणावयास सांगितले होते, आणि दुकानदाराने जोडी दिली होती. तिने पेन्सिलीवरची मूठ मला दाखवली, तीन बोटे कोठे ठेवावयाची ते माझी बोटे धरून शिकवले, आणि “आजोबा, ही दुसरी तुम्ही घ्या, माझ्याकडे एक आहे” म्हणून निघून गेली. मूठ हिरवी होती, पेनावर चढवताना आत थोडे पाणी लावावे लागले. जाड पकडीला चिमूट आवळावी लागत नाही, भार तीन ठिकाणी वाटला जातो, म्हणून दुखऱ्या सांध्यावरचा ताण उतरतो. हे व्यवसायोपचाराच्या कोणत्याही तज्ज्ञाला ठाऊक असते. मला ते सहा वर्षांच्या मुलीने सांगितले, आणि नेमके त्याच संध्याकाळी.

ही घटना मी अशा नोंदींच्या हिशेबात घालून पाहिलेली नाही, आणि पाहणारही नाही. ती पोर दोन दिवस आधी आली असती तर त्या मुठीकडे मी कौतुकाने पाहिले असते आणि विसरलो असतो. तिच्या येण्याने माझ्या दुखण्याविषयी काहीच सिद्ध होत नाही. पण दुखण्याने त्या दिवशी माझी नजर अशी केली होती की, एरवी खेळण्यात जमा झाली असती ती वस्तू मला दिसली. दीर्घ दुखण्याने पुष्कळ काही हिरावून घेतले असले, तरी ही नजर त्याने दिली आहे, आणि तिचे ऋण मी मान्य करतो.

युंग या स्विस मानसशास्त्रज्ञाच्या आत्मकथनात याच जातीची, पण अधिक गंभीर अशी एक आठवण आहे. 1944 च्या आरंभी पाय मोडून व पाठोपाठ हृदयविकाराचा झटका येऊन ते मरणाच्या दारी होते. त्या अवस्थेत त्यांना असा दृष्टान्त झाला की, आपल्यावर उपचार करणारे डॉक्टर आपल्याऐवजी जाणार. 4 एप्रिल रोजी युंग प्रथमच अंथरुणाच्या कडेला उठून बसले, आणि त्याच दिवशी त्या डॉक्टरांनी जे अंथरूण धरले ते पुन्हा सोडले नाही. आठ वर्षांनी युंग यांनी कारणावाचून जुळून येणाऱ्या अर्थपूर्ण घटनांवर आपला सुप्रसिद्ध प्रबंध प्रसिद्ध केला. त्या प्रबंधातील सृष्टिविषयक सिद्धान्त मला पटत नाही; डॉक्टरांच्या मृत्यूचे कारण त्यांच्या देहातच शोधावयास हवे. पण ज्याने आपल्याला वाचवले त्याच्या आयुष्याची धास्ती रुग्णाच्या मनात कशी घर करून असते, हे त्या आठवणीतून जितके कळते तितके वैद्यकाच्या ग्रंथांतून कळत नाही. माझे डॉक्टर दोन आठवडे रजेवर गेले की मला काय वाटते ते मीच जाणतो.

तेव्हा बाईंना माझी विनंती अशी. एक साधी वही घ्यावी, दिनदर्शिकेपासून दूर, शक्यतो दुसऱ्या खोलीत ठेवावी, आणि रोज सकाळी तिथी न पाहता फक्त तीन गोष्टी लिहाव्यात: मूठ पुरती वळावयास किती वेळ लागला, कोणते सांधे सुजले, आणि वेदनेला शून्यापासून दहापर्यंत किती गुण द्यावेत. न दुखणारा दिवस विशेष आठवणीने लिहावा, कारण गाळला जातो तो तोच. चार महिन्यांनी घरातील दुसऱ्या कोणाकडून शेजारी तिथी भरून घ्याव्यात आणि चार खण पाडावेत: अमावास्येच्या सुमारास दुखले, अमावास्येच्या सुमारास दुखले नाही, एरवी दुखले, एरवी दुखले नाही. चारही खणांतील आकडे समोर असल्यावाचून पहिल्या खणातील आकड्याला काही किंमत नाही. ती वही पुढच्या खेपेस डॉक्टरांपुढे ठेवावी. गोळीचा निर्णय त्यांचा. वहीच्या मागच्या पानांवर मात्र, खण न पाडता, त्या त्या दिवशी कोण आले, काय हाती लागले, तेही लिहीत जावे. ती पाने डॉक्टरांना दाखवण्याची जरुरी नाही. मला पाठवली तर मी आनंदाने वाचीन.

पथ्याचे प्रकरण पुढील आठवड्यात, वांगे आणि आंबट ताक यांच्यापासून.