छर्‍याच्या बंदुकीचा चाप जड लागतोय? आधी कानस खाली ठेवा



राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचे स्वप्नील कुसाळे यांनी १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल प्रकारात कांस्यपदक मिळवलं. त्याआधी २०१० साली कोल्हापूरच्याच तेजस्विनी सावंत जगज्जेत्या झाल्या होत्या. त्यांच्या रायफली काडतुसाच्या, पण नेमबाजीची सुरुवात बहुतेक जण छर्‍याच्या बंदुकीवरच करतात. तेव्हा माळ्यावर पडलेली जुनी एअरगन तुमच्या पोरापोरींनी खाली काढली असेल, तर नवल नाही. आणि दोन दिवसांत तक्रारही आली असेल : "चाप लई जड आहे, दाबताना नेम हलतो. खटका जरा घासून घेऊ का?"

घासू नका. माझ्या डाव्या तर्जनीवर आडवा वण आहे, तो अशाच घासलेल्या खटक्याचा. मामांच्या बंदुकीचा चाप कुणीतरी कानशीनं 'मऊ' करून दिला होता. नळी मोडून छर्रा बसवत होतो, खटका आपोआप सुटला आणि नळी जातीच्या पात्यासारखी वर आली. बोट राहिलं हे नशीब.

असं का होतं ते आधी समजून घ्या. नळी खाली मोडली की आतला दट्ट्या मागं सरकतो आणि जाड स्प्रिंग दाबली जाते. दट्ट्याच्या दांडीला एक खाच असते. त्या खाचेत खटका अडकतो, आणि खटक्याला चापाची कड धरून ठेवते. म्हणजे त्या सगळ्या स्प्रिंगचा जोर मिलिमीटर-दोन मिलिमीटरच्या कडेवर तोललेला असतो. तुम्ही चाप ओढता तेव्हा ही कड घासत घासत बाजूला होते. कड कोरडी, गंजकी, मळलेली असली की चाप जड लागतो. पकड गरजेपेक्षा लांब असली की चाप सरपटतो, नक्की कधी सुटेल ते कळत नाही. आणि पकड फार थोडी राहिली की काय होतं, ते वर सांगितलंच.

आता दोष कुठं आहे तो शोधू. बंदूक रिकामी आहे आणि स्प्रिंग ताणलेली नाही, याची खात्री करा. मग नुसता चाप बोटानं पुढं-मागं करून बघा. तो इथंच खरखरत असेल, तर दोष खटक्यात नाही. चाप कुठंतरी घासतोय. पावसाळ्यात, विशेषतः कोकणात आणि घाटमाथ्याला, लाकडी दस्ता फुगतो आणि चापाच्या फटीत लाकूड चापाला लागतं. दस्ता उतरवून बघा. लाकडावर काळपट चकाकी आलेली दिसेल. तेवढीच जागा बारीक पॉलिश पेपरनं साफ करा. दस्त्याचे स्क्रूही याच वेळी तपासा. ते ढिले असतील तर बंदूक दस्त्यात हलते आणि चाप रोज वेगळा लागतो. पुष्कळ बंदुकांचं दुखणं एवढ्यावरच संपतं, आणि आपण उगाच आतल्या भागांना दोष देत बसतो.

त्यानंतर चाप तोला. हुक असलेला स्प्रिंगचा काटा घ्या. प्रवासाच्या बॅगा तोलायचा छोटा काटाही चालेल. भिंतीला टेकवून वाळूचं भरलेलं पोतं ठेवा, समोर बंदूक पक्की टेकवा, आजूबाजूला पोरंबाळं, जनावरं नकोत. छर्रा भरूनच उडवा. रिकामी उडवली तर दट्ट्या पुढं जाऊन आपटतो आणि वॉशर, स्प्रिंग दोन्ही लवकर जातात. काटा चापाच्या मध्यावर अडकवून सरळ मागं ओढा आणि सुटताना किती वजन दाखवतो ते लिहून ठेवा. असं पाच वेळा करा.

पाचही आकडे जवळपास सारखे आणि तीन किलोच्या वर आले, तर चाप खरोखरच जड आहे. बंदुकीचं स्वतःचं वजन तीन किलोच्या घरात असतं. तिच्या वजनाइतकं एका बोटानं ओढायचं म्हटल्यावर नेम हलणारच. पण आकडे एकदा दोन, एकदा साडेतीन असे उड्या मारत असतील, तर स्क्रूला हात लावू नका. ती घाणीची नाहीतर झिजेची खूण आहे.

घाण काढायला चिंधीवर थोडं टर्पेंटाइन घ्या, चाप-खटक्याची बाहेरून दिसणारी जागा पुसा, पूर्ण वाळू द्या. मग मोटारीच्या सुट्या भागांच्या दुकानात मिळणारं काळं मॉली ग्रीस आगकाडीच्या टोकावर घेऊन कडेला लावा. मुगाच्या दाण्याएवढं पुष्कळ झालं. तेल ओतू नका. ते पुढं दट्ट्याच्या नळकांड्यात गेलं, की दाबलेल्या हवेच्या उष्णतेनं पेट घेतं, धूर निघतो आणि स्प्रिंगला दणका बसतो.

एवढं करून चाप जडच राहिला, तर स्क्रू. चापाच्या कड्यात एखादा बारीक स्क्रू असेल, तर आधी तो आहे त्या जागी नेलपॉलिशच्या ठिपक्यानं खूण करा. घरातल्या बाईमाणसाकडं बाटली मागायला लाजू नका. काही बंदुकांत हा स्क्रू फक्त चापाच्या छोट्या स्प्रिंगचा ताण बदलतो, काहींत खटक्याची पकडच कमी-जास्त करतो. बंदुकीसोबतचं माहितीपत्रक असेल तर वाचा. नसेल तर दुसर्‍या प्रकारचाच आहे असं धरून चाला. एका वेळी पाव फेरा, जास्त नाही. दीड किलोच्या आसपास आला की थांबा.

प्रत्येक पाव फेर्‍यानंतर ठोकून बघायचं. बंदूक ताणा, छर्रा भरा, नळी बंद करा, तोंड पोत्याकडं. चापाला बोट न लावता दस्त्याच्या मागच्या टोकाला रबरी चपलेनं दहा दणके द्या. एकदा जरी आपोआप सुटली, तरी स्क्रू मूळ खुणेवर आणा. तिथंही सुटली तर ती बंदूक बाजूला ठेवा, कुणाच्या हाती देऊ नका.

चाप कसाही असो, नळी मोडल्यापासून छर्रा बसून ती बंद होईपर्यंत नळीवरचा हात सोडायचा नाही आणि तोवर चापाजवळ बोट न्यायचं नाही. पोरांना हे पहिल्या दिवशी शिकवा, नेम मागाहून.

कानशीबद्दल आणखी एक. खटक्याच्या पोलादाला वरून पातळ कडक कातडी दिलेली असते. कानस लागली की ती जाते. आतलं मऊ लोखंड काही दिवस छान चालतं, म्हणून घासणार्‍याची वाहवा होते. मग कड गोल होते आणि एका दुपारी खटका सुटतो.

पाखरं हाकलायला बंदूक वापरणार्‍यांसाठी : १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं मोर, पोपट यांच्यावर छर्रा झाडणं हा गुन्हा आहे. आणि २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार २० ज्यूलपेक्षा जास्त जोराच्या किंवा ४.५ मिलिमीटरपेक्षा मोठ्या नळीच्या एअरगनला परवाना लागतो.

आतली खाच झिजली असेल, तर बंदूक जाणत्या कारागिराकडंच न्या. मोठी स्प्रिंग बंदूक न ताणताही दाबलेलीच असते. मागची टोपी घरी खोलली तर ती छातीवर येते. कारागिराकडं पाच आकड्यांची चिठ्ठीही द्या, त्याचं निम्मं काम हलकं होईल.