मालमोटारचालक : रात्रीचा प्रवास की दिवसाचा?

देशातील मालवाहतुकीपैकी सुमारे ७० टक्के माल रस्त्याने जातो. म्हैसूर शहरातील सरस्वतीपुरमसारख्या निवासी वसाहतीतील दुकानांत सकाळी जो माल मांडला जातो, त्यातील बराचसा आदल्या रात्री रस्त्यावर असतो. हा माल वाहून नेणारा चालक रात्रीचा प्रवास पसंत करतो की दिवसाचा, हा प्रश्न वरवर वैयक्तिक आवडीनिवडीचा वाटतो. वस्तुतः त्याचा संबंध रस्ता सुरक्षितता, कामगार कल्याण आणि पर्यावरण या तिन्ही विषयांशी आहे.

पसंतीमागील कारणे

रात्रीच्या प्रवासाचे फायदे उघड आहेत. रस्ता मोकळा असतो, त्यामुळे वेग टिकून राहतो आणि इंधनाची बचत होते. उन्हाळ्यात तापलेल्या रस्त्यावर भार वाहणारे टायर फुटण्याची भीती असते, ती रात्री कमी होते. अनेक शहरांत अवजड वाहनांना दिवसा प्रवेशबंदी असल्याने पहाटेपर्यंत माल उतरवून बाहेर पडणे सोयीचे ठरते. भाजीपाला, फळे, फुले व मासे सकाळच्या बाजारात पोहोचणे तर अपरिहार्यच असते.

दिवसा प्रवास करणाऱ्यांची कारणेही तितकीच सबळ आहेत. दृश्यमानता चांगली असते. वाहन बिघडल्यास मेस्त्री व सुटे भाग मिळतात. रात्री मात्र समोरच्या वाहनाचे प्रखर दिवे, दिवे न लावता रस्त्याकडेला उभी असलेली वाहने, धुके, लुटमार व मालचोरी यांचा धोका असतो. सर्वांत मोठा धोका झोपेचा होय. मानवी शरीरातील जैविक घड्याळानुसार मध्यरात्रीनंतर पहाटेपर्यंत आणि काही प्रमाणात दुपारी सतर्कता मंदावते. अनुभवी चालकही त्यास अपवाद नसतो.

आकडेवारीचा अर्थ

सन २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ व्यक्ती मृत्युमुखी पडल्या. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या वार्षिक अहवालांत सर्वाधिक अपघात सायंकाळी ६ ते रात्री ९ या वेळेत होत असल्याचे सातत्याने आढळते. यावरून मध्यरात्रीनंतरचा प्रवास सुरक्षित आहे, असा निष्कर्ष काढणे मात्र चुकीचे ठरेल. त्या वेळी रस्त्यावरील वाहनांची संख्याच कमी असते. म्हणून केवळ अपघातांची संख्या न पाहता धावणाऱ्या वाहनांच्या तुलनेत अपघात किती, हे पाहणे आवश्यक असते.

बंदीपूरचे उदाहरण

म्हैसूरहून दक्षिणेकडे जाणाऱ्या चालकास निवडीचे स्वातंत्र्य पूर्णपणे नाही. नंजनगूडमार्गे गुंडलुपेट येथे पोहोचल्यावर रस्त्याला दोन फाटे फुटतात. राष्ट्रीय महामार्ग ७६६ केरळातील सुलतान बत्तेरी व कोळिकोडकडे, तर राष्ट्रीय महामार्ग १८१ तामिळनाडूतील उदगमंडलमकडे जातो. दोन्ही मार्ग बंदीपूर व्याघ्र प्रकल्पातून जातात. वाहनांखाली वन्यप्राणी चिरडले जात असल्याने २००९ मध्ये येथे रात्री ९ ते सकाळी ६ या वेळेत वाहतुकीस बंदी घालण्यात आली. मोटार वाहन कायदा, १९८८ मधील कलम ११५ अन्वये वाहनांच्या वापरावर असे निर्बंध घालता येतात. कर्नाटक उच्च न्यायालयाने २०१० मध्ये ही बंदी वैध ठरविली. पुढे हा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. रुग्णवाहिका व मोजक्या सार्वजनिक बसगाड्यांना सवलत देण्यात आली.

बंदीमुळे रात्री वन्यप्राण्यांना जंगलात निर्वेध संचार करता येऊ लागला. वायनाडमधील व्यापारी व नागरिकांनी मात्र गैरसोयीची तक्रार केली. हुणसूर, गोणिकोप्पल व कुट्टामार्गे पर्यायी रस्ता आहे. परंतु तो लांबचा पडतो. परिणामी चालकापुढे तीनच मार्ग उरतात : रात्री नऊपूर्वी नाका ओलांडणे, पहाटेपर्यंत थांबणे किंवा वळसा घेणे. थांबावयाचे झाल्यास सुरक्षित वाहनतळ, स्वच्छतागृह व झोपण्याची जागा मिळणार की नाही, यावर निर्बंधाचे यश अवलंबून असते. अन्यथा नाका गाठण्याची घाई हाच नवा धोका ठरतो.

कायदा आणि वास्तव

मोटार परिवहन कामगार कायदा, १९६१ नुसार सर्वसाधारणपणे दिवसाला ८ व आठवड्याला ४८ तास काम, तसेच सलग ५ तासांच्या कामानंतर किमान अर्ध्या तासाची विश्रांती अशा तरतुदी होत्या. पाच किंवा अधिक कामगार असलेल्या उपक्रमांना हा कायदा लागू होता. त्याची जागा घेणारी व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कामाची स्थिती संहिता, २०२० ही २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली. तीत मोटार परिवहन उपक्रमांसाठी ही संख्यामर्यादा दहा कामगारांची आहे. एक-दोन मालमोटारी असलेल्या लहान मालकांकडील चालक या संरक्षणापासून तेव्हाही दूर होते व आजही दूरच आहेत. त्यांपैकी ज्यांचे उत्पन्न खेपांच्या संख्येवर ठरते, त्यांना विश्रांती म्हणजे कमाईतील घट वाटते.

अन्य काही सुधारणांचा चालकास लाभ झाला आहे. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाल्यावर राज्यांच्या सीमांवरील करविषयक तपासणी नाके बंद झाले. ई-वे बिलाची वैधता १ जानेवारी २०२१ पासून सर्वसाधारण मालासाठी दर २०० किलोमीटरला एक दिवस अशी आहे. त्यापूर्वी ती दर १०० किलोमीटरला एक दिवस होती. म्हणजे नाक्यावरील खोळंबा कमी झाला, परंतु ठरावीक मुदतीत अधिक अंतर कापण्याची अपेक्षाही वाढली. २०२५ पासून उत्पादित होणाऱ्या मध्यम व अवजड मालमोटारींत चालकाची केबिन वातानुकूलित असणे बंधनकारक आहे. दिवसाचा उष्मा टाळण्यासाठी रात्र निवडण्याची गरज यामुळे काही अंशी कमी होईल. जुन्या वाहनांवरील चालकांना मात्र हा लाभ नाही.

पुढील दिशा

चालकाची पसंती ही त्याच्या भोवतालच्या व्यवस्थेतून घडते. भाड्याची पद्धत, बाजाराची वेळ, शहरातील प्रवेशबंदी आणि महामार्गावरील सोयी बदलल्यास ती पसंतीही बदलते. लांब पल्ल्यासाठी दोन चालक, ठरावीक अंतरावर विश्रांतिस्थळे, कामाच्या तासांची यांत्रिक नोंद आणि लहान मालकांकडील चालकांपर्यंत पोहोचणारे कायद्याचे संरक्षण हे उपाय त्या दृष्टीने महत्त्वाचे आहेत. प्रवास रात्रीचा असो वा दिवसाचा, पुरेशी झोप घेतलेला चालक हाच सुरक्षित मालवाहतुकीचा पाया होय.