इटालियनमधली जोडाजोड

मराठीत आपण 'नदीवर', 'घरात', 'गावाहून' असे म्हणतो. 'वर', 'त', 'हून' हे नामानंतर येतात आणि नामालाच चिकटतात. इटालियनमध्ये असे शब्द नामाच्या आधी येतात आणि नामाला न चिकटता मधल्या उपपदाला चिकटतात. उपपद म्हणजे इंग्रजीतल्या 'द'सारखा शब्द.

इटालियनमध्ये या उपपदाची सात रूपे आहेत. पुल्लिंगी एकवचनी इल आणि लो, स्त्रीलिंगी ला, स्वरापूर्वी नुसता ल. अनेकवचनी इ, ल्यी आणि स्त्रीलिंगी ले. त्यांना जोडले जाणारे मुख्य शब्द पाच: दि (चा), आ (ला), दा (पासून), इन (मध्ये), सु (वर). म्हणजे एकूण ३५ जोडरूपे! पण पाठांतराची गरज नाही, तीन नियम पुरतात.

१. जोडताना 'दि'चा 'दे' आणि 'इन'चा 'ने' होतो.
२. उपपद 'ल'ने सुरू होत असेल तर तो 'ल' दुप्पट होतो: ने + ला = नेल्ला.
३. 'इल'मधला 'इ' गळतो: सु + इल = सुल, दा + इल = दाल. (ही मेसमधली दाल नव्हे!) 'इ' आणि 'ल्यी' मात्र जसेच्या तसे जोडले जातात.

शहरांच्या नावांपुढे सहसा उपपद नसते, म्हणून 'रोमला' म्हणजे 'आ रोमा'. इथे जोड नाही. नद्यांना मात्र उपपद लागते. मराठ्यांच्या शौर्याची दोन ठिकाणे नद्यांशीच जोडलेली आहेत. नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात लढताना धारातीर्थी पडले. शिपाई नामदेव जाधव यांनी ९ एप्रिल १९४५ रोजी सेनिओ नदीवर जखमी साथीदारांना वाचवून शत्रूची मशीनगन ठाणी उद्ध्वस्त केली. दोघेही मराठा लाइट इन्फंट्रीचे. दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

'सेनिओवर' म्हणजे 'सुल सेनिओ'. 'टायबरच्या खोऱ्यात' म्हणजे 'नेल्ला वाल्ले देल तेवेरे'. त्यात 'वरच्या' हा शब्द घातला की 'नेल्ल आल्ता वाल्ले देल तेवेरे' होते. खोरे तेच, पण पुढचा शब्द स्वराने सुरू झाल्यामुळे 'नेल्ला'चा शेवटचा 'आ' गळला. जोडरूप ठरवताना नेहमी लगेच पुढे येणारा शब्द पाहायचा.

आपले जवान जिथे लढले, त्या जागांची नावे तिथल्या भाषेत नीट घेता येणे, हाही त्यांच्या स्मृतीला एक सॅल्यूटच आहे.